ठरावाचें पुस्तक आणि तळ्याचें पाणी

आमच्याकडे इतिहास म्हटला म्हणजे तो बखरींत, सनदांत, फार तर दप्तरखान्याच्या रुमालांत शोधावयाचा, अशी एक समजूत दृढ होऊन बसली आहे. या दृष्टीनें तळेगांव दाभाडे हें गांव भाग्यवानच म्हटलें पाहिजे. सेनापति खंडेराव दाभाडे, डभईच्या रणांगणावर १७३१ सालीं पडलेले त्र्यंबकराव, आणि त्यांच्या मागें घराण्याची धुरा वाहणाऱ्या उमाबाई यांच्या नांवानें तें ओळखलें जातें. १७७९ च्या जानेवारींत पुण्यावर चालून येणारी इंग्रजांची फौज तळेगांवापर्यंत पोंचली, येथूनच माघारी वळली, आणि शेजारच्या वडगांवास तिला करारावर सही करावी लागली, हें शाळेंतल्या मुलासहि ठाऊक असतें. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं पैसाफंडाचा कांचकारखाना आणि प्रो. विजापूरकरांचें समर्थ विद्यालय यांनीं या गांवाचें नांव महाराष्ट्रभर नेलें. या सर्वांवर लिहिलें गेलें आहे व यापुढेंहि लिहिलें जाईल. परंतु याच गांवांत १८६६ सालीं म्युनिसिपालिटी स्थापन झाली, या गोष्टीकडे इतिहास म्हणून पाहण्याची कोणास बुद्धि होत नाहीं. दिवाबत्ती, गटारें, जकात आणि जन्ममृत्यूची नोंद. यांत इतिहास तो कसला, असें सुशिक्षित मनुष्य म्हणतो व पुस्तक मिटतो.

आम्हांस मात्र असें वाटूं लागलें आहे कीं, गेल्या दीडशें वर्षांतील आपल्या समाजाच्या अंतरंगाचा खरा इतिहास जर कोठें लिहिला गेला असेल, तर तो या म्युनिसिपालिट्यांच्या ठरावबुकांत. तेथील मजकूर रुक्ष असतो. विषय क्रमांक अमुक, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव पास किंवा नापास. परंतु कोणाच्या दारीं नळ आला व कोणाच्या दारीं आला नाहीं, कोणत्या आळींत दिवा लागला व कोणती वस्ती अंधारांत राहिली, हें त्या रुक्ष ओळींनींच ठरविलेलें असतें. तलवारीनें राज्यें बदललीं असतील. पण विहिरीवर पाय कोणीं ठेवावा व कोणीं दूर उभें राहावें, हा व्यवहार इंग्रजी अमदानींत हळूहळू रूढीच्या हातून निघून ठरावाच्या हातीं आला. हें स्थित्यंतर लहान नव्हे.

या संस्थांच्या जन्मांतच एक विसंगति होती. मुंबई इलाख्यांतील पहिल्या म्युनिसिपालिट्या ज्या १८५० च्या कायद्यानें निघाल्या, त्या कायद्याचें तत्त्व असें होतें कीं, गांवच्या रहिवाशांनीं मागणी करावी आणि मग सरकारनें कायदा तेथें लागू करावा. कागदावर हें किती सुंदर दिसतें! पण रहिवासी म्हणजे कोण? ज्याला अर्ज लिहितां येतो, ज्याला मामलेदाराच्या कचेरींत बसावयास चटई मिळते, ज्याच्या शब्दास बाजारांत वजन असतें, तो. सरकारनें जे सभासद नेमावयाचे, तेहि याच वर्गांतून नेमावयाचे. गांवकुसाबाहेरचा मनुष्य रहिवासी होता खरा. कराच्या वेळीं तो रहिवासी असे, पटकीच्या सांथीच्या वेळींहि तो रहिवासी असे. सभेच्या मेजाभोंवतीं मात्र तो नव्हता. मग ज्याला त्या खोलींत खुर्ची नाहीं, त्याचें गाऱ्हाणें त्या खोलींत शिरावें कोणत्या दारानें, हा प्रश्न उरतो. आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

याचें पहिलें ठळक उत्तर पुण्यांत सांपडतें. जोतीराव फुले हे १८७६ पासून १८८२ पर्यंत पुणें म्युनिसिपालिटीचे सरकारनियुक्त सभासद होते. स्वतःच्या घराचा हौद १८६८ सालीं अस्पृश्यांस खुला करणारा हा मनुष्य सभागृहांत आला, तेव्हां तो निव्वळ एक व्यक्ति म्हणून आला नव्हता. सत्यशोधक समाज १८७३ मध्येंच स्थापन झाला होता, आणि त्यांच्या बोलण्यामागें माळी, कुणबी, कारागीर यांचा एक संघटित समूह उभा होता. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठीं एक हजार रुपये मंजूर करावे, अशी सूचना म्युनिसिपालिटीपुढें आली. जोतीरावांचें म्हणणें असें कीं, हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा. सूचना मतास टाकली गेली, आणि विरुद्ध मत पडलें तें त्यांचें एकट्याचें. १८८० सालीं शहरांतील दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनीं म्युनिसिपालिटीच्या अध्यक्षांस पत्र लिहिलें. त्याचा रोख असा होता कीं, म्युनिसिपालिटी एका हातानें आरोग्यासाठीं झाडलोट करिते, आणि दुसरीकडे लोकांची प्रकृति व संसार दोन्ही धुळीस मिळविणारा धंदा शहरांत वाढतो, याचा मेळ कसा बसवावयाचा? भाजीमंडईच्या भव्य इमारतीवर पैसा ओतण्यापेक्षां तो शाळांवर खर्चावा, हेंहि त्यांचेंच म्हणणें. तें कोणीं ऐकलें नाहीं. १८८६ सालीं ती इमारत रे मार्केट या नांवानें उघडली गेली. पुढें अर्धशतकानें आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेंत असतांना त्यांच्या पुढाकारानें त्याच इमारतीस महात्मा फुले यांचें नांव दिलें गेलें. ज्या इमारतीस विरोध केला तिच्याच कपाळावर विरोध करणाराचें नांव! आमच्या समाजाची थोर पुरुषांचें देणें फेडण्याची ही रीत चमत्कारिक खरी. पण शाळांचा प्रश्न तसाच राहून मंडईस नांव मिळालें, हें विसरतां येत नाहीं.

जोतीरावांच्या त्या एका मताचा उपयोग काय झाला, असें कोणी विचारील. त्या दिवशीं कांहीं झाला नाहीं. हजार रुपये खर्च व्हावयाचे ते झालेच. परंतु एकमतानें मंजूर, हे दोन शब्द कारकुनास लिहितां आले नाहींत. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागतांना, हा पैसा कोणाचा आणि कोणावर खर्च होतो, असा प्रश्न विचारतां येतो, ही गोष्ट त्या नोंदीनें सिद्ध झाली. तोंपर्यंत समतेची भाषा व्याख्यानाची होती. येथें ती अंदाजपत्रकाची झाली. आमच्या मतें जोतीरावांच्या म्युनिसिपल कारकीर्दीचें मर्म यांतच आहे, आणि त्यांच्या चरित्रकारांनीं त्याकडे द्यावें तितकें लक्ष दिलेलें नाहीं.

१८८२ सालीं लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव झाला आणि निवडणुकीचें तत्त्व आलें. त्याचें कौतुक आमच्या पाठ्यपुस्तकांनीं पुष्कळ केलें आहे. येथें एवढेंच सांगणें प्राप्त आहे कीं, मताचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण यांस बांधलेला असल्यामुळें खोलीबाहेरचे लोक बहुतेक खोलीबाहेरच राहिले. तथापि १९०१ च्या जिल्हा म्युनिसिपल कायद्यानें दोन साध्या गोष्टी केल्या. सर्वसाधारण सभा सामान्यतः लोकांस खुली असावी, ही एक. आणि सभेच्या कामकाजाचें इतिवृत्त पुस्तकांत लिहून ठेवावें, ही दुसरी. ज्याला मत नाहीं त्यालाहि आतां निदान ऐकतां येत होतें, आणि आपल्या अर्जाचें काय झालें तें विचारतां येत होतें. कायदा करणारांस या तरतुदींत कांहीं विशेष केलें असें वाटलें नसावें.

बाहेरचा समूह आंतल्या ठरावावर कसा भार घालतो, याचा एक प्रसंग पुण्यांतच १९२० सालीं घडला. १९१८ च्या कायद्यानें सक्तीचें प्राथमिक शिक्षण सुरू करण्याचा अधिकार म्युनिसिपालिट्यांस दिला होता. पुणें म्युनिसिपालिटीपुढें वाद असा पडला कीं, सक्ति मुलांपुरती करावी कीं मुलींसहि लागू करावी. पैसा अपुरा आहे, म्हणून तूर्त मुलांचें पाहूं, असें राष्ट्रीय पक्षांतील वजनदार मंडळी म्हणत होती, आणि त्यांत लोकमान्यांचाहि समावेश होता. हें 'तूर्त' फार लबाड क्रियाविशेषण आहे. ज्यांचा वांटा मागें ठेवावयाचा असतो त्यांच्याच वांट्यास तें नेहमीं येतें. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं पुण्यांतील स्त्रियांनीं मिरवणूक काढली व मुलींना वगळूं नये अशी मागणी केली. विठ्ठल रामजी शिंदे यांच्यासारखे पुरुष त्यांच्या बाजूस उभे राहिले आणि त्याबद्दल त्यांची टवाळीहि झाली. सभा उधळल्या गेल्या, वर्तमानपत्रांत चिखलफेक झाली. तें सर्व बाजूस ठेवलें तरी एक गोष्ट उरते. ज्यांच्याविषयीं ठराव व्हावयाचा होता त्या मुलींच्या आया त्या दिवशीं रस्त्यावर होत्या, आणि तो ठराव कोणाविषयीं आहे हें सभासदांस त्यांच्याकडे पाहून समजून घ्यावें लागलें.

परंतु या विषयाचा सर्वांत सविस्तर, सर्वांत कष्टाचा आणि अखेरपर्यंत नोंदला गेलेला दाखला महाडचा आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण सर्वच जाणतों. पण त्याची हकीकत बहुधा १९२७ च्या मार्चपासून सांगितली जाते. तिचा आरंभ त्यापूर्वीं चार वर्षें, मुंबईच्या कायदेकौन्सिलांत झाला. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं सीताराम केशव बोले यांनीं आणलेला ठराव तेथें मंजूर झाला. सरकारी पैशानें बांधलेल्या किंवा कायद्यानें स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यांतील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्यवर्गास करूं द्यावा, असा त्याचा आशय. ११ सप्टेंबर १९२३ रोजीं सरकारनें आपल्या खात्यांस त्याप्रमाणें हुकूम केले, आणि स्थानिक संस्थांनाहि हें तत्त्व मान्य करण्याचा सल्ला द्यावा, असें कलेक्टरांस कळविलें. येथें वाचकांनीं हुकूम आणि सल्ला यांतील भेद ध्यानांत घ्यावा. सरकारच्या स्वतःच्या खात्यांस हुकूम होता. म्युनिसिपालिट्यांस सल्ला होता. बहुतेक म्युनिसिपालिट्यांनीं तो सल्ला आदरानें दप्तरांत ठेवून दिला. अखेर ५ ऑगस्ट १९२६ रोजीं बोल्यांना कौन्सिलांत पुन्हां उभें राहून असें मागावें लागलें कीं, ज्या संस्था हा ठराव पाळीत नाहींत त्यांचें अनुदान रोखावें.

महाडच्या म्युनिसिपालिटीनें मात्र ५ जानेवारी १९२४ रोजीं ठराव केला. चवदार तळ्याचा उपयोग अस्पृश्यांनीं करण्यास म्युनिसिपालिटीची हरकत नाहीं, असा त्याचा मतलब. त्या काळीं आणि त्या गांवांत हें धाडस होतें, यांत शंका नाहीं. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखी कायस्थ समाजांतील मंडळी त्या वातावरणांत मनःपूर्वक काम करीत होती, आणि टिपणिसांनीं तर महाडच्या म्युनिसिपालिटीचें अध्यक्षपदहि भूषविलें. पण ठरावाची भाषा पाहावी. हक्क आहे, असें त्यांत म्हटलेलें नाहीं. हरकत नाहीं, असें म्हटलें आहे. हक्क म्हटला म्हणजे त्याच्या रक्षणाची जबाबदारी येते: तळ्यावर शिपाई ठेवावा लागतो, पाणी भरणारास कोणी अडविलें तर अडविणारावर इलाज करावा लागतो. हरकत नाहीं म्हणणारास यांतलें कांहींच करावें लागत नाहीं. आणि झालेंहि तसेंच. तळ्याच्या चारी बाजूंस स्पृश्यांचीं घरें. अन्यधर्मीयांस तेथें पाणी भरावयास मज्जाव नव्हता. पण ज्यांच्यासाठीं ठराव झाला त्यांच्यांतील एकासहि तीन वर्षें त्या पाण्यापर्यंत जातां आलें नाहीं. ठराव पुस्तकांत होता आणि पाणी तळ्यांत होतें.

हें अंतर तोडावयाचें कसें, याचा विचार करणारे तरुण महाड भागांतच होते. रामचंद्र बाबाजी मोरे हे त्यांतील प्रमुख. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडास भरवावी आणि डॉ. आंबेडकरांस अध्यक्ष म्हणून आणावें, यासाठीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दीर्घकाळ खटपट केली. १९ व २० मार्च १९२७ रोजीं ती परिषद भरली. खेड्यापाड्यांतून हजारों माणसें भाकरी बांधून चालत आलीं. या जनसमुदायास प्यावयास पाणी हवें होतें, आणि तें चालकांना स्पृश्यांकडून चाळीस रुपये देऊन विकत घ्यावें लागलें. त्या चाळीस रुपयांचा आंकडा आम्हांस परिषदेंतल्या कोणत्याहि भाषणापेक्षां बोलका वाटतो. गांवांत सार्वजनिक तळें आहे, तें खुलें असल्याचा म्युनिसिपालिटीचा ठराव आहे, आणि तरी पाणी रोख पैशानें आणावें लागत आहे. मग त्या ठरावाची किंमत किती, याचा तो पक्का हिशेब होता.

दुसऱ्या दिवशीं परिषद संपत आली असतां अनंतराव चित्रे यांनीं उठून अशी सूचना केली कीं, म्युनिसिपालिटीनें केलेला ठराव आपण सर्वांनीं तळ्यावर जाऊन अमलांत आणावा. नवी मागणी करावी असें ते म्हणाले नाहींत, सरकारकडे शिष्टमंडळ न्यावें असेंहि म्हणाले नाहींत. जें मंजूर आहे तेंच करावयाचें. मंडपांतून मिरवणूक निघाली, बाबासाहेब तळ्यांत उतरले, ओंजळभर पाणी प्याले, आणि त्यांच्या मागें इतरांनीं तेंच केलें. पुढें आतां हे वीरेश्वराच्या देवळांत शिरणार अशी कंडी पिकविली गेली. परतणाऱ्या माणसांना गांठून मारहाण झाली, पुष्कळ जखमी झाले. बाबासाहेबांनीं आपल्या लोकांस हात उचलूं दिला नाहीं. नंतर १०८ घागरी पंचगव्य ओतून तळें शुद्ध करून घेण्यांत आलें. गाईच्या शेणामुतानें जें पाणी शुद्ध होतें तें माणसाच्या ओंजळीनें बाटतें, हा युक्तिवाद एकविसाव्या शतकांतल्या वाचकास समजावून सांगणें कठीण आहे. त्या वेळच्या अनेक पदवीधरांस तो सांगावाहि लागला नाहीं.

आतां पुन्हां ठरावबुकाकडे वळूं. ४ ऑगस्ट १९२७ रोजीं महाडच्या म्युनिसिपालिटीनें आपला १९२४ चा ठराव रद्द केला. कौन्सिलांतील बोल्यांच्या ठरावास त्याच तारखेस बरोबर चार वर्षें झालीं होतीं. हा योगायोगच असावा, पण तो बोंचतो. ही घटना बहुतेक लेखक एका वाक्यांत उरकून पुढें जातात. आम्हांस ती फार अर्थपूर्ण वाटते. १९२४ ते १९२७ पर्यंत तो ठराव रद्द करण्याची गरज कोणासहि कां वाटली नाहीं? कारण तोंवर त्याच्यावर कोणी चाललें नव्हतें. निरुपद्रवी ठराव कोणासच नकोसा नसतो. उलट वरिष्ठांकडे पाठवावयाच्या अहवालांत तो शोभून दिसतो. ज्या दिवशीं लोकांनीं तो खरा मानला त्या दिवशीं तो धोकादायक झाला. म्हणून ठराव रद्द होणें हा चळवळीचा पराभव होता असें मानण्यास आम्ही तयार नाहीं. विरुद्ध पक्षाला प्रथमच सभेंत येऊन, नांव लावून, आपलें म्हणणें लिहून द्यावें लागलें. रूढीचें सामर्थ्य ती लिहिलेली नसण्यांत असतें. ती लिहावी लागली कीं तिच्यावर प्रश्न विचारतां येतात.

आणि ते प्रश्न न्यायालयांत विचारले गेले. २५ डिसेंबरपासून दुसरी परिषद व सत्याग्रह व्हावयाचा ठरला होता. १२ डिसेंबर १९२७ रोजीं महाडच्या कांहीं स्पृश्य गृहस्थांनीं डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध दिवाणी दावा लावला, आणि १४ डिसेंबरास तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. परिषदेसाठीं गांवांत जागा कोणी देईना, तेव्हां फत्तेखान नांवाच्या मुसलमान गृहस्थानें आपली जमीन दिली. २५ डिसेंबरच्या रात्रीं मनुस्मृतीचें दहन झालें. सत्याग्रहास सिद्ध होऊन आलेले हजारों लोक तुरुंगांत जावयास तयार होते. तरी मनाईहुकूम न्यायालयाचा आहे म्हणून बाबासाहेबांनीं त्यांस थांबविलें, आणि तळ्याभोंवतीं मिरवणूक नेऊन परिषद संपविली. जमलेल्या लोकांना तें रुचलें नसेल, हें उघड आहे. पण ज्यांनीं नऊ महिन्यांपूर्वीं म्युनिसिपालिटीच्या कागदास प्रमाण मानून पाऊल उचललें, त्यांनीं न्यायालयाच्या कागदासहि प्रमाण मानणें यांत एक सुसंगति होती. कागद पाळावयाचा तर आपल्या बाजूचा तेवढा पाळून चालत नाहीं.

पुढील लढा जवळजवळ दहा वर्षें चालला. तळें खाजगी आहे, असें वादींचें एक म्हणणें. अस्पृश्यांस तेथें मज्जाव करण्याची रूढि अनादि काळापासूनची आहे, असें दुसरें. पहिलें टिकलें नाहीं. तळें म्युनिसिपालिटीचें ठरलें. ८ जून १९३१ रोजीं महाडच्या न्यायालयानें, ३० जानेवारी १९३३ रोजीं ठाण्याच्या अपिलांत, आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत न्यायमूर्ति ब्रूमफील्ड व वाडिया यांच्यापुढें निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें झाला. हायकोर्टाच्या निकालाचें कारण मात्र नीट पाहिलें पाहिजे. माणसें समान आहेत म्हणून तळें खुलें, असें न्यायमूर्तींनीं म्हटलें नाहीं. अशी रूढि अनादि असल्याचें वादींना सिद्ध करतां आलें नाहीं, इतकेंच त्यांनीं धरलें. रूढि सिद्ध झाली असती तर ती न्याय्य कीं अन्याय्य हें कदाचित् पाहावें लागलें असतें, पण ती वेळच आली नाहीं. समतेचा एवढा मोठा संग्राम पुराव्याच्या अभावावर जिंकला गेला, याची कोणास खंत वाटेल. आम्हांस वाटत नाहीं. तळें कोणाचें, तें कोणाच्या खर्चानें राखलें जातें, मज्जाव केव्हांपासूनचा, असे प्रश्न विचारले म्हणजे रूढि कशी पांगळी होते हें त्या निकालांत दिसतें. आणि हे सर्व प्रश्न मुळांत म्युनिसिपल कारभाराचे आहेत.

महाडची ही कथा तळेगांवास बसून सांगण्यांत आम्ही कांहीं ओढूनताणून करीत आहों असें नाहीं. बाबासाहेबांचें निवासस्थान या गांवींहि होतें, आणि त्यांचा येथील बंगला त्यांची स्मृति म्हणून जपला गेला आहे. पण त्याहून जवळचें कारण असें कीं, महाड काय किंवा तळेगांव काय, महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाचा कणा हीं अशीं मध्यम गांवेंच आहेत. आणि समतेचा प्रश्न मोठ्या शहरांपेक्षां अशा गांवांत सभागृहापर्यंत नेणें अधिक अवघड असतें. येथें अर्जदार आणि सभासद एकमेकांस ओळखतात. अर्ज करणारा ज्याच्या दुकानांत उधारीनें किराणा भरतो तोच पुष्कळदां सूचक किंवा अनुमोदक असतो.

कायद्याची स्थिति आतां पार बदलली आहे. प्रौढ मतदान आलें. १९६५ च्या कायद्यानें महाराष्ट्रांतील नगरपालिका एका सूत्रांत आल्या. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें, जी १९९३ मध्यें अमलांत आली, अनुसूचित जाति, जमाति व स्त्रिया यांस राखीव जागा मिळाल्या. २०११ पासून महाराष्ट्रांत स्त्रियांचा वांटा निम्मा झाला. १९२० सालीं रस्त्यावर उभ्या राहिलेल्या स्त्रियांच्या पणतींस आज अध्यक्षपदाच्या खुर्चीवर बसतां येतें. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानें ठरावाची नक्कल मिळविणें कोणासहि शक्य झालें. असें असूनहि कांहीं दारें अर्धवटच उघडलेलीं आहेत. घटनेनें प्रभाग समित्या आवश्यक केल्या त्या तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांत. २०११ च्या गणनेंत तळेगांवची वस्ती सुमारें ५६ हजार होती. म्हणजे येथील वस्तीनें आपलें गाऱ्हाणें न्यावयाचें तें थेट सर्वसाधारण सभेकडेच. आणि २०२२ नंतर तर निवडणुका लांबल्यामुळें राज्यांतील बहुसंख्य नगरपालिकांत प्रशासक बसले. डिसेंबर २०२५ मध्यें नगरपरिषदांच्या निवडणुका होईपर्यंत अशा ठिकाणीं सूचकहि तोच, अनुमोदकहि तोच आणि मंजूर करणाराहि तोच, अशी अवस्था होती. त्या वर्षांच्या ठरावबुकांत विरुद्ध मत शोधूं जाणाऱ्या भावी इतिहासकारास एकहि ओळ सांपडावयाची नाहीं.

येथील कांहीं मंडळे, महिलांचे बचतगट व वस्त्यांतील तरुण आम्हांकडे कधीं कधीं येतात आणि विचारतात कीं, आमच्या आळीस पाणी एक दिवसाआड येतें, पलीकडच्या सोसायट्यांस रोज येतें, तर मोर्चा काढावा कीं निवेदन द्यावें? आम्ही त्यांस महाडची हकीकत सांगतों. मोर्चा अवश्य काढावा; रमाबाईंनींहि काढला होता. पण निवेदनांत, आमच्यावर अन्याय होतो, एवढेंच लिहून थांबूं नये, कारण या वाक्यावर ठराव होऊं शकत नाहीं. सभासदांस सहानुभूति दाखवितां येते व पुढील विषय घेतां येतो. कोणती आळी, किती घरें, किती व्यासाची नळवाहिनी, टाकी कोणती, पाणी सोडण्याची वेळ कोणती, आणि हा खर्च अंदाजपत्रकाच्या कोणत्या सदरांतून व्हावा, हें लिहावें. आपल्या बाजूचा एक तरी सभासद असा गांठावा कीं जो तें सूचना म्हणून मांडील आणि विरोध झाला तर मत मागेल. सभेच्या दिवशीं दहावीस माणसांनीं प्रेक्षकांच्या बांकांवर शांतपणें जाऊन बसावें. बोलावयाची परवानगी नसली तरी पाहणारे डोळे असले म्हणजे चर्चेची भाषा सुधारते, असा आमचा अनुभव आहे. आणि ठराव झाला तर त्याची नक्कल घेऊन ती भाषा बारकाईनें वाचावी. तींत करण्यांत यावें असें आहे, कीं करण्यास हरकत नाहीं असें आहे?

ही शेवटची गोष्ट सांगितली म्हणजे ऐकणारांस प्रथम हसूं येतें. मध्यें एका वस्तीच्या बायकांनीं अशा एका ठरावाची नक्कल मिळवून आम्हांपुढें ठेवली. सार्वजनिक नळकोंडाळें दुरुस्त करण्याविषयींचा विषय होता. खालीं शेरा होता, निधीच्या उपलब्धतेनुसार विचार व्हावा. त्यांतील एका वृद्ध बाईनें विचारलें, "सर, यांत आम्हांला कांहीं मिळालं का?" आम्ही सांगितलें कीं, विषय पुस्तकांत आला आहे, एवढें मिळालें आहे. त्या मंडळींनीं तेथेंच बसून दुसरा अर्ज लिहिला. त्यांत निधीचें सदर, मागील वर्षीं त्या सदरांत शिल्लक राहिलेली रक्कम आणि पहिल्या ठरावाचा क्रमांक घातला. नगरपालिकेचें अंदाजपत्रक आर्थिक वर्ष उजाडण्यापूर्वीं मंजूर व्हावयाचें असतें, म्हणून तो अर्ज त्यांनीं संक्रांतीच्या आंतच आवक खिडकीवर दिला आणि पोंचपावतीवर तारखेचा शिक्का मारून घेतला.